बुर्ज खलिफा: तिकिटावर चार, मग सव्वातीनला का बोलावता?

(दुबई सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

दुबईच्या सहलीत आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न शीर्षकातच दिला आहे. त्याचं उत्तर प्रत्येक ग्रुपला पहिल्या दिवशी बसमध्ये सांगितलं जातं. तरी दोन-तीन जण पावणेचारला मेट्रोतून उतरतात आणि फोन करतात, "आलोच, समोर टॉवर दिसतोय." तोवर बाकीचे तीस जण ताटकळत उभे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून देत आहोत. घरातल्या प्रत्येकाने स्वतः वाचावं. एकाने वाचून बाकीच्यांना सांगितलं की निम्मं गळतं.

तिकिटावरची वेळ कशाची असते

छापलेली वेळ ही दुबई मॉलच्या लोअर ग्राउंड मजल्यावरच्या प्रवेशदारात तिकिटाचा कोड स्कॅन करण्याची. वर, शहर बघायच्या गॅलरीत उभं राहण्याची नव्हे. या दोहोंमध्ये काय काय येतं ते पाहा. आधी स्कॅनिंगची रांग. मग विमानतळासारखी तपासणी, पट्ट्यावर बॅग आणि तुम्ही कमानीतून. साध्या दिवशी एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं, गर्दीच्या संध्याकाळी त्याच्या दुप्पट. मग इमारतीच्या बांधणीची माहिती देणारा लांबलचक मार्ग. तिथे लोक फोटोसाठी थांबतात, त्यामुळे मागची रांगही थांबते. शेवटी लिफ्टची रांग. खुद्द लिफ्टला लागतं जेमतेम एक मिनिट, सेकंदाला १० मीटर वेगाने. म्हणजे चारचा स्लॉट (तिकिटावरची आत जायची वेळ) असला तर वर पोचायला पावणेपाच ते सव्वापाच.

आता सूर्यास्त धरा, कारण आपण वर जातो ते तो पाहायला. दुबईत डिसेंबरच्या सुरुवातीला तो साडेपाचच्या सुमारास होतो, मार्चअखेरीस साडेसहाच्या आसपास आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आतबाहेर. सूर्यास्ताआधी किमान वीस मिनिटं वर असावं, कारण काचेजवळची जागा मिळायलाही वेळ जातो. म्हणून आमचा हिशोब असा: सूर्यास्ताच्या वेळेतून दीड तास वजा केला की स्लॉट, आणि स्लॉटमधून पाऊण तास वजा केला की आपली भेटायची वेळ. डिसेंबरात स्लॉट चारचा आणि भेट सव्वातीनची, ती अशी.

सूर्यास्त साडेपाचला म्हणून साडेपाचचाच स्लॉट स्वतः काढणारे बरेच भेटतात. ते वर पोचतात तेव्हा काळोख झालेला असतो. दिव्यांचं दुबई त्यांना दिसतं, तेही सुंदरच, पण पैसे सूर्यास्ताच्या दराने गेलेले असतात.

टॉवर दिसतो म्हणजे पोचलो असं नाही

वेळ खाणारी चूक हीच, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. ८२८ मीटर उंचीची इमारत अर्ध्या शहरातून दिसते. पुण्यातून सिंहगड दिसतो, म्हणून कोणी "पाच मिनिटांत गडावर येतो" म्हणत नाही. इथे मात्र हमखास म्हणतात.

मेट्रोने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रेड लाइनवरच्या स्टेशनचं नाव "बुर्ज खलिफा/दुबई मॉल" असलं, तरी स्टेशन टॉवरच्या पायथ्याशी नाही. स्टेशनातून मॉलपर्यंत ८२० मीटरचा बंदिस्त, वातानुकूलित पूल आहे. मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत, पण गर्दीत त्यावर चालायला जागा नसते. पूल दहा-बारा मिनिटांचा. पुढे मॉलच्या आत प्रवेशदारापर्यंत तेवढंच अंतर, शिवाय सरकत्या जिन्यांनी खाली उतरायचं. आजी-आजोबा बरोबर असतील, तर मेट्रोच्या दारापासून आपल्या दारापर्यंत अर्धा तास धराच. दुबई मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं आहेत, हे वेगळं सांगायला नको. तुमच्याबरोबर खरेदीची आवड असलेलं कोणी असेल, तर तुम्हीच समजून घ्या.

टॅक्सीने येताना चालकाला "बुर्ज खलिफा" सांगू नका. तो सरळमार्गी माणूस तुम्हाला टॉवरच्याच दारात, म्हणजे हॉटेलच्या किंवा राहणाऱ्या लोकांच्या प्रवेशद्वारापाशी उतरवतो. तिथून गॅलरीकडे सोडत नाहीत आणि तुम्ही पुन्हा वळसा घालून मॉलमध्ये येता. "दुबई मॉल" म्हणा. मॉलमध्ये शिरलात की आम्ही भेटतो ते धबधब्यापाशी, ग्राउंड फ्लोअरवर. भिंतीवरून पडणारं पाणी आणि त्यात सूर मारणारे माणसांचे पुतळे, चुकणार नाही. मत्स्यालयासमोर थांबू नका. ते जास्त प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच तिथे कोणी कोणाला सापडत नाही.

घड्याळाचंही सांगून ठेवतो. भारत दुबईच्या दीड तास पुढे आहे. ज्यांच्या मोबाइलला रोमिंग नाही किंवा ज्यांचं मनगटी घड्याळ अजून भारतातच आहे, ते दीड तास आधी येऊन बसतात. गंमत म्हणजे उशीर तेच करतात. "अजून कोणी आलं नाही, जरा फिरून येऊ" म्हणून निघतात आणि मॉलच्या दुसऱ्या टोकाला हरवतात. विमानातून उतरल्या उतरल्या घड्याळ दीड तास मागे घ्या.

तिकिटं आधी हातात का देत नाही

"व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, आम्ही आमचे जाऊ," असं बरेच जण म्हणतात. तिकिटाचा कोड एकदाच चालतो. पूर्वी आम्ही आधीच पाठवत असू. मग एखाद्या ताईंनी तो घरच्या ग्रुपवर टाकायचा, कोणी आपला म्हणून भलत्याचा दाखवायचा आणि दारात "आधीच वापरलं आहे" असं यायचं. आता कोड आमच्या माणसाकडे असतात आणि तो दारात माणसं मोजून स्कॅन करून घेतो. यात अविश्वास नाही, वेळ वाचतो.

स्लॉट चुकला तर आत सोडायचं की नाही हे दारावरच्या लोकांच्या मर्जीवर असतं. गर्दीच्या दिवशी मर्जी नसते. आम्ही काढतो ती तिकिटं रद्दही होत नाहीत आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून गट स्लॉटच्या वेळेला आत जातो. मागे राहिलेल्यांसाठी सगळ्यांचा सूर्यास्त घालवायचा नाही, हा आमचा नियम आहे. तो कडक वाटतो, पण वेळेवर आलेल्यांना विचारून पाहा.

"नेटवर स्वस्त दिसतं"

दिसतं, आणि ते खोटं नसतं. ते दर सकाळचे किंवा रात्री उशिराचे असतात. सूर्यास्ताच्या आसपासचे स्लॉट महाग दरात मोडतात आणि आमच्या सहलीत तेच धरलेले असतात. ज्यांना सूर्यास्ताचं काही विशेष नाही, त्यांनी सकाळी जावं असं आम्हीच सुचवतो: रांग छोटी, लहान मुलं ताजी. तसं बुकिंग करताना सांगा, फरकाची रक्कम वजा करून देतो. स्वतःचं तिकीट काढणार असाल तरी हरकत नाही, पण आमच्या स्लॉटची वेळ विचारून काढा. नाहीतर नवरा वर आणि बायको-मुलं खाली, असा प्रकार होतो.

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार गर्दी सर्वाधिक. २०२२ पासून तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे. त्यामुळे "शुक्रवारी सुट्टी असते, शनिवारी जाऊ" हा जुना सल्ला आता चालत नाही. आम्ही ग्रुप सोमवार ते गुरुवारमध्ये बसवतो. ३१ डिसेंबरला मात्र नेत नाही. आतषबाजीसाठी त्या भागातले रस्ते आणि मेट्रो स्टेशन संध्याकाळपासून बंद करतात.

१२४ की १४८?

आमच्या सहलीत १२४ आणि १२५ हे मजले येतात. १२४ वा मजला ४५२ मीटरवर आहे. जादा पैसे भरून १४८ व्या मजल्यावर, ५५५ मीटरवर जाता येतं आणि त्याच तिकिटात खालचे दोन्ही मजलेही पाहता येतात. शंभर मीटर जास्त म्हणजे पुष्कळ जास्त दिसेल, असं वाटतं. हिशोबाने ४५२ मीटरवरून क्षितिज सुमारे ७६ किलोमीटरवर असतं आणि ५५५ वरून ८४. पण दुबईची हवा इतकी स्वच्छ क्वचित असते की हे शेवटचे आठ किलोमीटर दिसावेत. १४८ ला तुम्ही पैसे देता ते छोट्या रांगेसाठी, बसायच्या जागेसाठी आणि सरबत-खजुरासाठी. गुडघे दुखणाऱ्यांना ते पैसे वसूल होतात. तरुणांनी त्यात वाळवंटातला एखादा कार्यक्रम करावा, असं आमचं मत.

"अगदी टोकावर नेतात का?" नाही. माणसांच्या वापराचा सगळ्यात वरचा मजला साधारण ५८५ मीटरवर आहे. त्याच्या वरचे अडीचशे-एक मीटर म्हणजे मुख्यतः निमुळता सुळका.

वर गेल्यावर

लिफ्टमध्ये कान दडपतात. मिनिटभरात साडेचारशे मीटर चढल्यावर दडपणारच. आवंढा गिळा. तान्ह्या बाळाला त्याच वेळी दूध पाजा. सर्दी असेल तर आदल्या दिवशी आमच्या माणसाला सांगा.

बाहेर आलात की सगळे खालच्या तळ्यातल्या कारंज्यांच्या बाजूला धावतात. मॉल आणि कारंजी टॉवरच्या पूर्वेला व दक्षिणेला आहेत, सूर्य पश्चिमेला. त्यातही हिवाळ्यात तो नैर्ऋत्येला, मरीना-जेबेल अली या भागांच्या अंगाला उतरतो, आणि उन्हाळ्यात सरळ समुद्रात. १२५ व्या मजल्यावर चहूबाजूंनी फिरता येतं, म्हणून आमचा माणूस आधी तिथे नेऊन तुम्हाला योग्य काचेसमोर उभं करतो. गाइड कशाला, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की वर पाटी नसते.

उंचीमुळे वर सूर्य किंचित उशिरा मावळतो. याच कारणाने २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्मगुरूंनी ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना रोजा दोन मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांना तीन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं. त्या दोन मिनिटांच्या भरवशावर उशिरा येऊ नका.

सूर्य गेला की लगेच परतीच्या रांगेत लागू नका. त्या वेळी सगळेच लागतात आणि खाली यायला चढण्याइतकाच वेळ जातो. वीस-पंचवीस मिनिटं थांबा. शेख झायेद रोड उजळतो, दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या दिव्यांची लाल आणि पांढरी अशी दोन पात्रं वेगळी दिसू लागतात. तोवर रांगही ओसरते. फोटो १२४ च्या उघड्या गच्चीवरून घ्या. तिथल्या काचांमध्ये उभ्या फटी आहेत, त्यातून लेन्स बसते आणि प्रतिबिंब येत नाही. मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी हवीच. आतल्या काचेतून घ्यायचा असेल तर लेन्स काचेला टेकवा. पांढरा शर्ट घालू नका, फोटोत तुमचाच शर्ट येतो.

कारंजी वरून दिसतात, पण मुंगीएवढी आणि बिनआवाजाची. त्यांचा खेळ खाली तळ्याकाठीच बघावा. संध्याकाळी दर अर्ध्या तासाने असतो, म्हणून आम्ही तो उतरल्यावर ठेवतो.

उतरताना तुमचा आधी काढलेला फोटो, मागे टॉवरचं चित्र चिकटवून, विकायला ठेवलेला असतो. घेतलाच पाहिजे असं काही नाही. महाग असतो.

सोबत काय नको

खाण्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या, ट्रायपॉड, मोठ्या बॅगा. दशम्या आणि लाडू हॉटेलवर ठेवा. मेट्रोतही खाल्लं किंवा पाणी प्यायलं तर १०० दिरहम दंड आहे आणि च्युइंगगमही त्यात येतं. मॉलमधल्या स्वच्छतागृहात आधीच जाऊन घ्या, रांगेतून मागे फिरणं कठीण. गच्चीवर वारा असतो, ओढणी-टोपी सांभाळा. चाकांची खुर्ची लागणार असेल तर दोन दिवस आधी कळवा. मार्ग तिला सोयीचा आहे, पण सोय आधी करावी लागते.

हवा

उन्हाळ्यात धूळ आणि दमटपणा, हिवाळ्यात एखाद्या सकाळी दाट धुकं. धुक्याच्या सकाळी वरून ढगांच्या पाटातून वर आलेले टॉवर दिसतात, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. तसं दृश्य ठरवून मिळत नाही आणि आम्ही त्याचं आश्वासन देत नाही. पाऊस पडून गेल्यावर किंवा जोराचा वायव्येचा वारा वाहून गेल्यावर हवा सर्वात स्वच्छ. जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना आम्ही सूर्यास्तासाठी जादा पैसे भरायचा आग्रह करत नाही. सूर्य बहुधा क्षितिजाच्या आधीच धुरकटात विरतो.

डिसेंबर-जानेवारीचे सूर्यास्ताचे स्लॉट सगळ्यात आधी संपतात. त्या महिन्यांतली सहल असेल तर आगाऊ रक्कम भरतानाच तीन गोष्टी लिहून द्या: सूर्यास्त की सकाळ, १२४ की १४८, आणि बरोबरच्या मुलांची वयं पासपोर्टप्रमाणे. ४ वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही, पण माणसं मोजताना तीही धरावी लागतात.