मजकुरी खेळाच्या दारात: नवख्याला जे दिसतं ते आलं कुठून

काळ्या पडद्यावर खेळाचं नाव उमटतं, त्याखाली पाच डॅनिश माणसांची नावं, आणि मग प्रश्न येतो: तुला कोणत्या नावाने ओळखायचं? नाव टाकलं की खेळ खात्री करून घेतो, बरोबर लिहिलंय ना, हो की नाही. मग पासवर्ड. मग स्त्री की पुरुष. योद्धा, चोर, पुजारी की जादूगार. एवढं झालं की आपण मिडगार्ड नावाच्या शहरातल्या देवळात उभे असतो. खोलीचं चार ओळींत वर्णन, बाहेर पडायच्या दिशा, आणि तळाशी तीन आकडे: जीव किती उरलाय, मंत्रशक्ती किती, चालायची ताकद किती. पुढे काय करायचं हे कोणी सांगत नाही. थोड्या वेळाने मात्र आपोआप ओळ येते, तुला भूक लागली आहे.

मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांत, म्हणजे ‘मड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत, पहिल्यांदा शिरणाऱ्या कित्येकांनी साधारण हेच पाहिलं आहे. अनेक जण इथेच कंटाळून निघून जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण या दारातली जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्ट कुठल्या तरी जुन्या यंत्राच्या मर्यादेतून किंवा जुन्या खेळाडूंच्या भांडणातून आलेली आहे. ते कळलं की पहिला तास बराच सुसह्य होतो.

सुरुवात एका गुहेपासून करावी लागते. विल क्राउथर हा अमेरिकन प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या परिसरात गुहा पालथ्या घालणारा माणूस. १९७५-७६च्या सुमारास त्याने त्या भुयारांचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून पीडीपी-१० संगणकावर एक खेळ लिहिला. १९७७मध्ये स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने तो वाढवला. त्या आधीच, १९७४मध्ये, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून कल्पनेतली पात्रं रंगवायचा खेळ बाजारात आला होता आणि क्राउथर तो खेळत होता. त्यामुळे त्याच्या गुहेत खजिना आला, कुऱ्हाड फेकणारे बुटके आले. ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशा दोन शब्दांच्या आज्ञा ही इथली देणगी. शब्दाची पहिली पाच अक्षरंच तो खेळ ओळखत असे, कारण पीडीपी-१०च्या एका मेमरी-शब्दात, म्हणजे मेमरीच्या एका कप्प्यात, तेवढीच मावायची.

आज नवख्याला ‘नॉर्थ’ऐवजी नुसतं ‘एन’ टाईप करायला शिकवतात, त्याची मुळंही याच काळात आहेत. ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणारं तेव्हाचं यंत्र, सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं आणायचा. ऐंशी अक्षरांची एक ओळ यायला अडीच-तीन सेकंद लागणार आणि खोलीचं वर्णन चार-पाच ओळींचं असणार! म्हणून गुहेतल्या खेळाने पाहिलेल्या खोलीत परत गेल्यावर वर्णन आखडतं घ्यायची सोय केली. पुढच्या खेळांनी तीच सोय ‘ब्रीफ’ नावाच्या आज्ञेत ठेवली. ती आजही आहे, पण नवख्याने पहिले काही दिवस तिच्या वाटेला जाऊ नये, कारण वर्णनातच तर सगळा खेळ असतो.

गुहेत माणूस एकटाच होता. १९७८मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एकाच जगात अनेकांनी एकाच वेळी वावरावं असा खेळ लिहायला घेतला आणि त्याला मल्टी-यूजर डंजन हे नाव दिलं. त्याच आद्याक्षरांचं पुढे ‘मड’ झालं. १९८०मध्ये त्याने तो रिचर्ड बार्टल या सहविद्यार्थ्याकडे सोपवला. खेळाडू सुरुवातीला एका अरुंद रस्त्यावर उभा राहायचा. पश्चिमेला दूरवर गवती छपराचं एक घर आणि समोर जुनं कब्रस्तान दिसायचं. खजिना शोधायचा आणि दलदलीत नेऊन टाकायचा, की गुण मिळायचे. दलदलच का, याचा फार विचार करू नये. लढाईत मेलात तर पात्र कायमचं पुसलं जायचं, आठवड्यांची मेहनत पाण्यात. गुण पुरेसे साठले की खेळाडू ‘विझर्ड’ व्हायचा, आणि विझर्डला इतरांवर देखरेखीचे अधिकार मिळायचे.

म्हणजे जो कसून खेळला तोच पुढे व्यवस्थापक. मजकुरी खेळांच्या संस्कृतीवर याचा ठसा अजून आहे. तुमच्या शंकेला उत्तर देणारा, तुम्हाला समज देणारा, प्रसंगी बाहेर काढणारा माणूस बहुधा पगारी कर्मचारी नसतो, जुना खेळाडू असतो. त्याची माया आणि त्याची अरेरावी दोन्ही तिथूनच येतात.

एसेक्समध्ये बाहेरच्या लोकांना रात्री उशिरा, विद्यापीठाचं काम थंडावल्यावरच खेळता यायचं. दुसरा रस्ता पैशांचा होता. १९८५मध्ये अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर ‘आयलंड ऑफ केस्माय’ हा खेळ सुरू झाला, आणि तिथे तासावर पैसे मोजावे लागत. मीटर पळत असताना मदतीची पानं वाचत कोण बसणार? विद्यापीठांमधल्या फुकट खेळांना ही घाई नव्हती. त्यांचा प्रसार खऱ्या अर्थाने झाला तो ॲलन कॉक्सने १९८७मध्ये वेल्समधल्या ॲबेरिस्टविथ विद्यापीठात लिहिलेल्या ‘ॲबरमड’मुळे. हाच कॉक्स पुढे लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलवरील, म्हणजे गाभ्यावरील, कामासाठी नावाजला. ॲबरमड सी या प्रोग्रामिंग भाषेत आणि युनिक्स या कार्यप्रणालीवर आला, तसा तो कुठल्याही विद्यापीठातल्या यंत्रावर बसवता येऊ लागला.

मग १९८९ ते १९९१ या अडीच-तीन वर्षांत वाटा फुटल्या. नवख्याला नेमका कुठल्या प्रकारचा खेळ मिळणार हे आजही या फाट्यावर ठरतं, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवं.

ऑगस्ट १९८९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स ॲस्पनिसने ‘टायनीमड’ सुरू केला. त्यात राक्षस नव्हते, गुण नव्हते. कोणीही यावं, खोली खणावी, तिला वर्णन द्यावं आणि दुसऱ्याच्या खोलीला जोडावं. लोकांनी इतकं बांधकाम केलं की काही महिन्यांतच डेटाबेस आवाक्याबाहेर गेला आणि मूळ टायनीमड १९९०मध्ये बंद पडला. त्या पसाऱ्यात नव्या माणसाने वाट कशी काढायची? तिथे ज्युलिया भेटायची. हे मायकेल मॉल्डिनने लिहिलेलं एक बोलकं पात्र, म्हणजे प्रोग्रामच. ती जगभर भटकून नकाशा लक्षात ठेवायची आणि अमक्या ठिकाणाहून तमक्या ठिकाणी कसं जायचं हे विचारलं की सांगायची. मॉल्डिनने १९९४मध्ये अशा प्रोग्रामसाठी ‘चॅटरबॉट’ हा शब्द वापरला. आज सगळीकडे दिसणाऱ्या चॅटबॉटच्या पूर्वजांत ही वाटाडी आहे.

१९८९मध्येच स्वीडनमध्ये लार्स पेन्शो याने ‘एलपीमड’ लिहिला. त्याला ॲबरमडची लढाई हवी होती आणि टायनीमडची मोकळीकही. त्याने खेळातच एक प्रोग्रामिंग भाषा दिली, आणि विझर्ड झालेल्यांना तिच्यातून जग वाढवायची मुभा. १९९१मध्ये सुरू झालेला ‘डिस्कवर्ल्ड मड’ याच घराण्यातला, आणि तो आजही चालू आहे.

वर सांगितलेलं देऊळ मात्र तिसऱ्या घराण्याचं. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ लिहिला आणि १९९१मध्ये त्याचा कोड खुला केला. अटी दोन महत्त्वाच्या: यातून पैसे कमवायचे नाहीत, आणि लॉगिनच्या वेळी मूळ लेखकांची नावं दिसली पाहिजेत. म्हणून ती पाच नावं. कोड बसवायला सोपा, सोबत शहर तयार. शेकडो लोकांनी तो जसाच्या तसा उभा केला, म्हणून इतक्या खेळांची सुरुवात मिडगार्डच्या देवळातच होते. भूक-तहानही त्यातलीच. चौकातल्या कारंज्याचं पाणी प्यायचं आणि बेकरीतून पाव घ्यायचा, बस. याहून जाचक होती भाड्याची पद्धत. खेळ सोडताना खाणावळीत खोली घेतली नाही तर अंगावरचं सामान जायचं. सर्व्हरची मेमरी आणि डिस्क तोकडी होती आणि सामान साठवून ठेवणाऱ्यांना आळा घालायचा होता, हे कारण पटतं. पण पहिल्याच दिवशी तलवार गमावलेल्या माणसाला ते कोण सांगणार होतं? नंतरच्या बहुतेक खेळांनी ही प्रथा सोडली ते बरंच झालं.

नवख्यांसाठी वेगळी जागा हवी, हे शहाणपणही डिकूच्याच वंशात आलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या ‘मर्क’ या आवृत्तीत ‘मड स्कूल’ नावाचा भाग होता. तिथे फलक वाचायचे, हत्यार हातात घ्यायला शिकायचं, पिंजऱ्यातल्या दुबळ्या प्राण्यांवर हात साफ करायचा आणि मग शहरात उतरायचं. चित्रमय ऑनलाइन खेळांतल्या शिकवणीचा भाग याचाच भाऊबंद आहे. डिकूचं नातं तर इतकं उघड होतं की १९९९चा ‘एव्हरक्वेस्ट’ हा चित्रमय खेळ आल्यावर त्यात डिकूचा कोड उचललाय का अशी कुजबुज झाली, आणि तसं नाही असं त्याच्या प्रोग्रामरांनी शपथेवर लिहून दिलं.

आता रोलप्लेचं, म्हणजे पात्राची भूमिका वठवत खेळण्याचं. लढाईच्या खेळात नाव पुरतं. रोलप्लेच्या खेळात मात्र नवख्याकडून पात्राचं वर्णन मागतात, पूर्वायुष्य मागतात, कधी अर्ज करून मंजुरीची वाट बघायला लावतात. ही रीत मुख्यतः टायनीमडच्या ‘मश’ नावाच्या वंशजांत रुजली. तिथे राक्षस मारून वर चढायचं नसतं, तर एकमेकांसोबत गोष्ट रचायची असते, आणि त्या गोष्टीला न शोभणारं एक पात्र घुसलं तरी सगळ्यांची संध्याकाळ खराब होते. डिकूच्या बाजूनेही एक कडक पंथ निघाला. १९९१पासूनच्या ‘आर्मगेडन’सारख्या खेळांत मेलेलं पात्र परत येत नाही आणि समोरच्याचं नावसुद्धा आपोआप दिसत नाही. दिसतं ते फक्त ‘उंच, जखमेचा व्रण असलेला माणूस’ असं त्रोटक वर्णन; नाव त्याने सांगितलं तर कळणार. मला विचाराल तर काही ठिकाणचे अर्ज उगाच लांबलचक असतात. दोन परिच्छेदांत माणूस लिहिता येतो की नाही हे कळतं. त्याच्या आजोबांची वंशावळ मागून काही साधत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी आज्ञा आहे, कुठे ‘पोझ’ तर कुठे ‘इमोट’. तिच्यापुढे ‘खिडकीपाशी जाऊन बाहेर बघतो’ लिहिलं की खोलीतल्या सगळ्यांना तुमच्या पात्राचं नाव पुढे लागून ते वाक्य दिसतं. बोलण्यासाठी ‘से’ असते, पण कृती अशी मोकळ्या शब्दांत लिहिता आल्यावर प्रश्न उभा राहिला: मी ‘त्याचं डोकं उडवतो’ असं लिहिलं तर ते उडालं का? आज बहुतेक रोलप्ले खेळांच्या नियमांत दिसणारं उत्तर असं, की आपण फक्त आपल्या पात्राचा प्रयत्न लिहायचा, दुसऱ्यावर काय परिणाम झाला हे दुसऱ्याने ठरवायचं. पात्र म्हणून बोलणं वेगळं आणि खेळाडू म्हणून बोलणं वेगळं, त्यासाठी वेगळी वाहिनी, हेही तसंच हळूहळू ठरत गेलं.

नियम नसले की काय होतं याचा सर्वांत गाजलेला दाखला ‘लॅम्डामू’चा. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिसने १९९०मध्ये ते जग उभं केलं, तेही स्वतःच्या घराच्या नकाशावर. नवखा तिथे कोटांच्या अंधाऱ्या कपाटात जागा व्हायचा आणि दार ढकलून दिवाणखान्यात यायचा. १९९३मध्ये याच दिवाणखान्यात एका खेळाडूने एका प्रोग्रामच्या मदतीने इतरांच्या पात्रांच्या तोंडी आणि अंगी लैंगिक हिंसेची वाक्यं घातली. पत्रकार ज्युलियन डिबेलने डिसेंबर १९९३मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात ते सविस्तर लिहिलं. ते पात्र अखेर एका विझर्डने पुसून टाकलं, आणि त्यानंतर कर्टिसने निर्णयांसाठी अर्ज आणि मतदानाची व्यवस्था आणली. पहिल्या लॉगिनला वर्तनाचे नियम मान्य करायला लावणारी जी पानं आपण न वाचता पुढे ढकलतो, त्यांची गरज का वाटते हे अशा प्रसंगांतून कळतं.

बार्टलने १९९६मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांना मारण्यात मजा घेणारे. ही विभागणी आता नको तिथेही वापरली जाते, पण खेळ निवडण्यापुरती ती कामाची आहे. गप्पांत रमणाऱ्याने डिकूच्या देवळात उभं राहून हिरमुसण्यात अर्थ नाही, त्याने मश गाठावा.

१९९७चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, मग एव्हरक्वेस्ट, मग २००४चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ असे चित्रमय खेळ येत गेले आणि मजकुरी खेळांची गर्दी ओसरली. टिकले ते आपापल्या कारणांनी टिकले. १९९७मध्येच सुरू झालेल्या ‘अकेया’ने प्रवेश फुकट ठेवून आतल्या गोष्टी पैशांना विकायचा मार्ग धरला, जो नंतर मोबाईल खेळांनी उचलला. उघड्या टेलनेटची, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या जुन्या साध्या प्रोग्रामची, जागा मडलेटसारख्या प्रोग्रामांनी किंवा थेट ब्राउझरने घेतली, त्यामुळे पत्ता आणि पोर्ट क्रमांक जुळवायची पहिली कटकट तरी संपली.

आणि एक मोठा खेळाडूवर्ग असा आहे ज्याच्यासाठी मजकूर ही तडजोड नव्हतीच. अंध खेळाडू स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, हे खेळ डोळसांच्या बरोबरीने खेळतात, आणि त्यांच्यामुळे दारातली मांडणीही बदलली. कित्येक खेळ पात्र बनवतानाच विचारतात, स्क्रीन रीडर वापरता का? हो म्हटलं की रेघा आणि चिन्हांनी काढलेले नकाशे बंद होतात, आणि त्यांच्या जागी बाहेर पडायच्या दिशांची सरळ यादी येते.