गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता

गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी दिसणारा माणूस एखाद्या जानेवारीत आला नाही, तर सोलापूरकर विचारतात, "तब्येत बरी आहे ना?" काही गटांमध्ये मात्र एक दिवस चुकला की प्रश्न येतो, "श्रद्धा कमी झाली का?" या दोन प्रश्नांत मोठा फरक आहे. भक्ती वारकऱ्याचीही असते आणि भजनी मंडळातल्या आजींचीही. पण त्यांना सुट्टी घेता येते, शंका काढता येते, आणि तरीही माणसं तुटत नाहीत. ज्या गटात हे चालत नाही, त्याला मी 'घट्ट पकडीचा गट' म्हणेन. असे गट कुठल्याही धर्मात सापडतात.

समजा, अशोक चौकाच्या मागं राहणारी एक बाई आहे. विड्या वळते, नवरा यंत्रमागावर. सात वर्षं ती दर गुरुवारी सत्संगाला जाते. आधी नुसतं भजन होतं. मग कमाईतला हिस्सा सुरू झाला. मग भावाच्या लग्नाला जायचं नाही, कारण तो 'बाहेरचा'. आता पोराला ताप आला तरी दवाखान्याआधी गुरूंना विचारायचं. तिला शंका येऊन दोन वर्षं झाली. तरी ती जाते. लोक म्हणतात, भोळी आहे. भोळी नाही हो. तिचे सगळे ओळखीचे चेहरे त्या एका हॉलमध्ये बसतात.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग इथं आठवतात. खोलीत सात-आठ तरुण. समोर एक रेघ, बाजूला तीन रेघा. तिच्याएवढी कोणती ते सांगायचं. गंमत अशी की एक सोडून बाकीचे सगळे अ‍ॅशनी पढवलेले होते आणि ठरवून, एकमुखानं चुकीचं उत्तर देत होते. एकट्यानं उत्तर द्यायचं असेल तर या कामात शंभरात एखादीही चूक होत नाही. पण सगळे एका सुरात चुकले की त्या बिचाऱ्याची जवळपास तिसरा हिस्सा उत्तरं चुकायला लागली. रेघ डोळ्यांसमोर असूनही!

हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. अ‍ॅशनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं बोलायला सांगितलं. फक्त एकाला. चुका आधीच्या चौथ्या हिश्शावर आल्या. मग त्यांनी अजून एक खोडी केली: हा वेगळं बोलणारा गडी बाकीच्यांपेक्षाही जास्त चुकीचं उत्तर देईल अशी व्यवस्था केली. तरीसुद्धा समोरच्याच्या चुका एकदम घटल्या. म्हणजे सोबत्याचं उत्तर बरोबर असण्याचीही गरज नव्हती. सगळ्यांचा सूर एक नाही, एवढं कळलं तरी माणूस आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला धजत होता. आणि तो सोबती मधेच फिरून बहुमताला जाऊन मिळाला, तेव्हा चुका पुन्हा उसळल्या. काम आहे सांगून तो खोलीबाहेर गेला, तेव्हा मात्र इतक्या उसळल्या नाहीत.

रेघा मोजणं वेगळं आणि सात वर्षांची नाती वेगळी, हे मान्य. पण घरच्यांसाठी यात एक सरळ गोष्ट दडली आहे. त्या बाईच्या भावानं गुरूंचा भांडाफोड करायची गरज नाही. उलट "तुला वेड लावलंय त्यांनी" म्हटलं की तिला सात वर्षांची वकिली करावी लागते, आणि जिची वकिली करावी लागते ती गोष्ट सोडणं अवघड जातं. भावानं नुसतं जात-येत राहावं, पोराचा अभ्यास विचारावा, आणि एकदा हात पुढं केला की मागं घेऊ नये. ती बाहेर पडून पुन्हा दोन गुरुवार गेली, तरीही.

कारण असं मागं जाणं होतंच. भीती शिकता येते तशी ती विझवताही येते, पण विझलेली भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवं शिकणं बसतं, इतकंच. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना कुत्र्यांमध्ये दिसलं होतं की विझलेला प्रतिसाद काही काळानं आपोआप डोकं वर काढतो. म्हणून सहा महिने निवांत गेल्यावर एखाद्या रात्री पोराचं अंग तापतं, शेजारून त्याच उदबत्तीचा वास येतो, आणि छातीत धडधडतं: कोप झाला. हे माहीत असलं तर त्या रात्री ती कौल मागायला न जाता थर्मामीटर शोधते.

घरातलं कुणीच नसेल तर? 14416 हा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. तिथं जायला वेड लागलेलं असावं लागत नाही. घर, पोरं, पैसा यांचा गुंता असेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठावं. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. आणि गटानं वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात 2017 पासून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो फक्त जातपंचायतींसाठी आहे असा समज आहे, पण त्यातल्या 'समाज' या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक पंथही येतो. तक्रारीच्या आधी एक साधं काम करावं. आधार कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले गटातल्या कुणाकडं ठेवलेले असतील तर काहीतरी निमित्त काढून घरी आणावेत.

मात्र सगळ्यात अवघड असते ती गुरुवारची संध्याकाळ. सात वर्षं भरलेली ती वेळ अचानक मोकळी होते, आणि पाय आपोआप हॉलकडं वळतात. तेव्हा कायदा आठवत नाही. अशा वेळी साडेपाचला पलीकडच्या गल्लीतल्या मावशीचा फोन यावा: "काय करायलीस? भाकरी थापायलेय, शेंगाचटणी पण कुटलीय. पोराला घेऊन ये की."