मृदेतील खनिजीकरण

वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांतील नत्र, स्फुरद, गंधक इत्यादी पोषकद्रव्ये सूक्ष्मजीवांच्या क्रियेने सेंद्रिय संयुगांतून सुटून मुळांना शोषता येतील अशा रूपात येण्याच्या प्रक्रियेस खनिजीकरण म्हणतात. वरच्या थरातील एकूण नत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक नत्र सामान्यतः सेंद्रिय रूपात बद्ध असते. त्यामुळे जमिनीत नत्र भरपूर असूनही पिकाला त्याची उणीव भासू शकते.

बुरशी व जिवाणू शरीराबाहेर विकरे (एन्झाइम) सोडून सेल्युलोज, प्रथिने यांसारख्या मोठ्या रेणूंचे विघटन करतात. लिग्निनासारखा चिवट घटक मात्र मुख्यतः बुरशीच मोडते. हे सारे ते स्वतःच्या वाढीसाठी करतात, आणि गरजेपेक्षा जास्त झालेले नत्र तेवढे अमोनियमाच्या रूपात बाहेर पडते. ते उरणार की नाही, हे अवशेषांच्या कर्ब-नत्र गुणोत्तरावर, म्हणजे नत्राच्या मानाने कर्ब (कार्बन) किती आहे यावर, ठरते. सूक्ष्मजीवांच्या शरीरात हे गुणोत्तर सुमारे ८:१ असले, तरी खाल्लेल्या कर्बाचा बराच भाग श्वसनात खर्च होत असल्याने साधारण २४:१ पर्यंतचे खाद्य त्यांना पुरते. द्विदल पिकांचा हिरवा पाला या मर्यादेच्या आत असल्यामुळे लवकर नत्र देतो. गव्हाचा भुसा (सुमारे ८०:१) किंवा उसाचे पाचट गाडल्यास मात्र सूक्ष्मजीव मातीतले उपलब्ध नत्रही ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. याला अचलीकरण म्हणतात. महाराष्ट्रात पाचट न जाळता कुजवताना त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. जिवाणूंच्या शरीरात अडकलेले नत्र पुढे त्यांच्यावर जगणारे आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) व सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक कृमी) मोकळे करतात; खतांच्या चर्चेत या भक्षकांचा उल्लेख क्वचितच येतो.

अमोनियमाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट होते. ही जिवाणूंची क्रिया असल्याचे श्लोझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले, तर रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिक येथे ते जिवाणू वेगळे केले. दोन्ही टप्पे एकच जिवाणू पार पाडू शकतो, हे २०१५ मध्ये उघड झाले. नायट्रेट चिकणमातीच्या कणांप्रमाणेच ऋणभारित असल्याने त्या कणांना फारसे धरून राहत नाही. पाणी साचलेल्या भातखाचरात ऑक्सिजनाअभावी काही जिवाणू त्याचे नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि ते हवेत निघून जाते.

कोरडी पडलेली जमीन भिजताच खनिजीकरणाचा वेग एकाएकी वाढतो. केनियातील मातीवर एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात याचा अभ्यास केला, म्हणून त्यास बर्च परिणाम म्हणतात. कोरड्या काळात मेलेल्या सूक्ष्मजीवांचे घटक आणि मातीच्या ढेकळांत दडलेला सेंद्रिय पदार्थ या वेळी जिवंत राहिलेल्यांना खाद्य म्हणून मिळतो. कडक उन्हाळ्यानंतर पाऊस येणाऱ्या प्रदेशांत, पिकाची मुळे पसरण्याआधीच जोरदार सरी कोसळल्यास, असे सुटलेले नायट्रेट बऱ्याच अंशी मुळांच्या आवाक्याखाली झिरपून जाते.