हाड जेव्हा मूत्रपिंडाला हुकूम देतं

१९५९ साली स्विस बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रादर यांनी एका शाळकरी मुलीच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. तिला तीव्र मुडदूस झाला होता आणि तिच्या बरगडीत एक गाठ होती. गाठ काढली आणि मुडदूस बरा झाला. ही गाठ रक्तात काहीतरी सोडत असणार, असा प्रादर यांचा तर्क होता. ते 'काहीतरी' हाती लागायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. आज आपण त्याला एफजीएफ-२३ म्हणतो; ते एक संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन आहे.

हाडं म्हटलं की आपल्याकडे फक्त कॅल्शियमची चर्चा होते, आणि हे मला खरंच खटकतं. हाडाचं खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट या दोघांचं मिळून बनतं. रक्तातलं फॉस्फेट दीर्घकाळ कमी राहिलं, तर कॅल्शियमच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी हाड नीट कडक होत नाही. मुलांचे पाय वाकतात, मोठ्यांची हाडं मऊ होऊन दुखतात, तडकतात. प्रौढ माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम फॉस्फरस (रक्तचाचणीत फॉस्फेट याच नावानं मोजतात) असावा लागतो, आणि ही पातळी राखण्यात एफजीएफ-२३ चा मोठा वाटा आहे.

हे संप्रेरक हाडातल्याच पेशी तयार करतात. ते रक्तातून मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे दोन कामं करतं. गाळलेलं फॉस्फेट परत रक्तात ओढून घेणारी वाहक प्रथिनं ते कमी करतं, त्यामुळे जादा फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं. शिवाय ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनण्यावरही ते लगाम घालतं, म्हणून आतड्यातून फॉस्फेट कमी शोषलं जातं. पण एवढं सगळं व्हायला मूत्रपिंडाच्या पेशींवर 'क्लोथो' नावाचं दुसरं प्रथिन हजर असावं लागतं. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये क्लोथोचा शोध जाहीर केला होता. ते नसलेले उंदीर अकाली म्हातारे होत. पुढे एफजीएफ-२३ नसलेले उंदीरही जवळपास तसेच दिसले, आणि दोन्ही प्रथिनांचं काम एकच असणार हे लक्षात आलं.

एफजीएफ-२३ चा माग दोन वाटांनी लागला. २००० साली, पिढ्यान्‌पिढ्या फॉस्फेट कमी असणाऱ्या काही कुटुंबांत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड सापडला. २००१ मध्ये जपानी संशोधकांना हाडं मऊ करणाऱ्या गाठीत हेच प्रथिन मिळालं. पण गाठीत सापडलं म्हणजे तेच दोषी, असं होत नाही. म्हणून त्यांनी मानवी जनुक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घातलं आणि त्या पेशींकडून प्रथिन बनवून घेतलं. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. ते टोचल्यावर उंदरांच्या रक्तातलं फॉस्फेट उतरलं. ते बनवणाऱ्या पेशींचं उंदरांत रोपण केलं, तेव्हा त्यांची हाडंही मऊ झाली. प्रादर यांच्या तर्काला पुरावा मिळाला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतो तो या प्रथिनाचा एक छोटासा तुकडा. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांना ॲमिनो आम्लं म्हणतात, आणि एफजीएफ-२३ ही अशा २५१ ॲमिनो आम्लांची साखळी आहे. पेशीतून बाहेर पडण्याआधी सुरुवातीची २४ गळतात. उरलेल्या साखळीवर, मूळ साखळीच्या मोजणीनुसार, १७९ आणि १८० क्रमांकांच्या मध्ये कापण्याची एक जागा आहे. तिथे कापलं गेलं की संप्रेरक निकामी होतं, आणि शरीर हवं तेव्हा ते असं निकामी करत असतं. वर सांगितलेल्या कुटुंबांत १७६ किंवा १७९ या जागेवरचं अर्जिनीन हे ॲमिनो आम्ल बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिन सहजी कापलं जाईना, साचत गेलं आणि फॉस्फेट वाहून जाऊ लागलं. प्रयोगशाळांनी पुढे हाच बदल मुद्दाम उचलला. रिकॉम्बिनंट एफजीएफ-२३ बनवताना १७९ व्या जागी अर्जिनीनऐवजी ग्लुटामिन हे दुसरं ॲमिनो आम्ल बसवतात, म्हणजे प्रथिन अखंड टिकतं. काही माणसांना आजार देणारा बदल प्रयोगशाळेत असा उपयोगी पडला.

हे रिकॉम्बिनंट प्रथिन औषध म्हणून दिलं जात नाही. रक्तातलं एफजीएफ-२३ मोजणाऱ्या चाचण्या बसवायला आणि त्याला अडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पारखायला ते लागतं. असं एक प्रतिपिंड, बुरोसुमॅब, २०१८ मध्ये अमेरिकेत आनुवंशिक फॉस्फेट-न्यूनतेच्या एका प्रकारासाठी मंजूर झालं. मूत्रपिंडं निकामी होत जातात तेव्हा एफजीएफ-२३ प्रचंड वाढतं. २०११ मध्ये हे प्रथिन उंदरांना दिल्यावर त्यांच्या हृदयाची डावी जवनिका (खालचा डावा कप्पा) जाड झाल्याचं दिसलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना हृदयविकार इतका का होतो, याचा त्यातून एक नवा धागा मिळाला.

गाठीमुळे होणारा आजार आपल्याकडेही आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवरचे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. गाठ अनेकदा अगदी लहान असते आणि शरीरात कुठेही दडलेली असू शकते. ती शोधायला संपूर्ण शरीराचं खास पेट-स्कॅन करावं लागतं. पण संशय यायलाच कधी कधी वर्षं जातात. तोवर रुग्ण सांधेदुखीच्या, पाठदुखीच्या गोळ्या घेत राहतो. खरं तर रक्तातलं फॉस्फरस तपासणं स्वस्त आहे आणि सोपंही.

ती कापण्याची जागा आणखी एका ठिकाणी आपल्याला गाठते. शरीरात लोह कमी पडलं की हाडं एफजीएफ-२३ जास्त बनवतात. निरोगी माणसात ते लगेच कापलंही जातं, म्हणून फॉस्फेट जागेवर राहतं. वर उल्लेख केलेल्या कुटुंबांतल्या स्त्रियांना मात्र पाळी सुरू झाल्यावर किंवा बाळंतपणानंतर, म्हणजे लोह घटण्याच्या काळात, त्रास उफाळून येऊ शकतो. शिरेतून देण्याच्या लोहाच्या काही औषधांनी, विशेषतः फेरिक कार्बोक्सीमाल्टोजने, अखंड एफजीएफ-२३ वाढतं आणि फॉस्फेट घसरू शकतं. रक्तक्षयासाठी हे इंजेक्शन आपल्याकडे अनेक स्त्रियांना दिलं जातं, आणि बहुतेकींना त्याचा फायदाच होतो. पण इंजेक्शनांनंतर हिमोग्लोबिन वाढूनही थकवा जात नसेल, स्नायूंत जोर वाटत नसेल किंवा हाडं दुखू लागली असतील, तर डॉक्टरांना फॉस्फरस तपासायला जरूर सांगावं, आणि पुढचा डोस घेण्याआधीच सांगावं.