आधी गळती, मग कार्बोरेटर

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर गावातून जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांनी 1959 मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि जेमतेम दोघे बसतील एवढी ही बर्फावरची गाडी. 1970 च्या दशकातल्या कितीतरी स्की-डूंमध्ये ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे दोन सिलिंडरचे, पंख्याने गार होणारे टू-स्ट्रोक इंजिन असे. 340 किंवा 440 सीसीच्या घरातले. आकुर्डीच्या चेतकवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना हे इंजिन उघडल्यावर परके वाटणार नाही.

वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेली अशी गाडी पुष्कळदा पेट्रोल भरून, प्लग पुसून, दोरी ओढल्यावर चालूही होते. आवाज खणखणीत येतो, आणि थोड्याच वेळात पिस्टन जळतो. कारण बहुतेक वेळा एकच असते: इंजिन चोरवाटेने हवा ओढत असते.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनची खालची बाजूही कामाला जुंपलेली असते. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइलचे मिश्रण आत येते. खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हा चक्क पंप आहे. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची रबरी सील पन्नास वर्षांत कडक होतात आणि त्यांच्या कडेने जादा हवा आत शिरते. तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही आणि ऑइलही येत नाही. मिश्रण पातळ होते, पिस्टन जास्त तापतो, वंगण मात्र कमी पडते. कार्बोरेटर कितीही नीट लावा, या हवेवर त्याचा ताबा नसतो.

म्हणून पहिली चाचणी दाबाची. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबर आणि पट्टी लावून बंद करावीत, प्लग जागेवर ठेवावेत. कार्बोरेटरच्या जागी बसवलेल्या बुचातून 6 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा भरावी. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल इथे नामी उपयोगी पडतात, कारण 300 मिमी पारा म्हणजे जवळपास 6 पीएसआयच. दहाच्या वर जाऊ नये, चांगले सीलही सरकून बाहेर येते. काटा मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरला, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत: दोन्ही सील, सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग, क्रँककेसचा जोड, आणि पेट्रोल पंपाकडे जाणारी बारीक नळी. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. नळीला चीर गेली की हवाही शिरते आणि पेट्रोलही कमी येते, म्हणजे नुकसान दुहेरी.

एका बाजूचे सील बदलायला फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे जड चाक, काढावे लागते. ते पुलरनेच (चाक ओढून काढायच्या हत्यारानेच) काढावे. हातोड्याने क्रँकचे टोक चेपते. फ्लायव्हील निघालेच आहे तर पॉइंट, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणारे संपर्क, पाहून घ्यावेत. पडून राहिलेल्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर बसतो आणि ठिणगी मरते. बारीक कानशीने एक-दोन हात मारून, स्पिरिटमध्ये बुडवलेला कोरा जाड कागद मधून ओढावा. एमरी पेपर नको, त्याचे कण रुतून बसतात. गॅप साधारण 0.35 ते 0.40 मिमी. गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते, आणि लवकर पडणारी ठिणगी पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकते. म्हणून शेवटी प्लगच्या भोकात डायल गेज (बारीक अंतर मोजायचे साधन) लावून, पिस्टन वरच्या टोकाच्या किती मिमी अलीकडे असताना पॉइंट उघडतात ते दोन्ही सिलिंडरांचे वेगवेगळे तपासावे. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. पंख्याचे कव्हरही उघडावे. आत उंदरांचे घरटे हमखास सापडते, आणि मग एका सिलिंडरला वारा लागतच नाही.

आता कार्बोरेटर. जुन्या टिलॉटसन कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो. तो कडक झाला असेल तर बदलावाच. पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या दोन्ही सुया हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून साधारण एकेक फेरा उघडाव्यात आणि तिथून पुढे जुळवावे. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा आयडलच्या जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, अडकतो. जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहावे. तारेने कोरू नये, भोक मोठे होते.

खरी गंमत थंडीची आहे. शून्य अंशाच्या हवेपेक्षा उणे 30 अंशांची हवा सुमारे 12 टक्के दाट असते. दाट हवा जेटमधून पेट्रोलही जास्त ओढते, पण ही वाढ घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपासच होते. उरलेली तूट मोठ्या मेन जेटने भरून काढायची: 200 नंबरच्या जागी 210. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये झकास लावलेली गाडी जानेवारीत पिस्टन जाळते, ती यामुळे.

‘जादा ऑइल घातले तर बरेच’ हा समज इथे घातक ठरतो. ऑइल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण आणखी पातळ होते. पेट्रोल आणि ऑइलचे प्रमाण 40:1 ठरले असेल तर लिटरभर पेट्रोलला 25 मिली ऑइल, 50:1 ला 20 मिली. प्रमाण बदलले तर जेटही पुन्हा तपासावा.

जाम झालेला पिस्टन हातात आला, तर ओरखडे कुठे आहेत ते पाहावे. ते सायलेन्सरच्या बाजूलाच असतील तर दोष बहुधा पातळ मिश्रणाचा. चार कोपऱ्यांवर चार उभे पट्टे दिसले, तर इंजिन गार असतानाच पिळले गेले आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. 60 मिमीचा पिस्टन 100 अंशांनी तापला की सव्वा दशांश मिमीने वाढतो, आणि सिलिंडर अजून गारच असेल तर एवढी जागा नसतेच. म्हणून गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून, चोकशिवाय इंजिन नीट चालेपर्यंत आणि सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ कडांना (फिनना) हात लावल्यावर ऊब जाणवेपर्यंत थांबावे. मगच थ्रॉटल द्यावा.