वेबसाईटचे लॉग उतरवून ठेवा, नंतर मिळत नाहीत

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या देवळाची छोटीशी वेबसाईट मी सांभाळतो, नवरात्रात मखराच्या (सजवलेल्या मखरात देवाला बसवून झुलवतात, त्याच्या) वेळा बघायला लोक तिच्यावर येतात. एका वर्षी नेमकी त्याच दिवसांत साईट दोनदा बंद पडली. दिवाळीनंतर समितीने विचारलं की गर्दीमुळे पडली की कोणी मुद्दाम पाडली? मी होस्टिंगच्या (साईट जिथे ठेवलेली असते त्या कंपनीच्या) पॅनलमध्ये गेलो तर नवरात्रातले लॉग गायब. म्हणजे उत्तर होतं, पण कोणी जपून ठेवलं नव्हतं.

अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे सर्व्हरची हजेरीवही. कोणी पान उघडलं की एक ओळ पडते: आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा नंबर), तारीख-वेळ, काय मागितलं, सर्व्हरने काय उत्तर दिलं त्याचा आकडा (२०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे असं पान नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड), किती बाईट पाठवले, आणि बहुतेक ठिकाणी कुठल्या पानावरून आला आणि ब्राउझर कुठला ते पण. एक पान उघडलं तरी फोटो, फॉन्ट, सगळ्याच्या वेगळ्या ओळी पडतात, म्हणून ओळी मोजून माणसं मोजू नका, शिवाय मोबाईल नेटवर्कवर एकाच आयपीमागे खूप फोन असू शकतात.

वेळ वाचताना खास जपा. आमच्या लॉगमध्ये सगळ्यात जास्त गर्दी दुपारी २ वाजता दिसायची आणि मला कळेना, त्या वेळेला गोव्यात दुकानंसुद्धा बंद असतात, अख्खं गाव आडवं झालेलं असतं, मग मखराची वेळ बघतंय कोण? वेळेच्या शेवटी +०००० असं लिहिलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ती ग्रीनिचची वेळ, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात. मखराला निघायच्या आधी लोक बघत होते, सरळ हिशेब!

तुमच्या होस्टिंगला सी-पॅनल नावाचं पॅनल असेल तर ‘रॉ अ‍ॅक्सेस’ उघडा. तिथे दोन चौकोन असतात. एक लॉग तुमच्या होम फोल्डरमध्ये साठवायला सांगतो, त्यावर टिक करा. दुसरा महिना संपला की मागच्या महिन्याचा साठा पुसायला सांगतो, त्याची टिक काढा, नाहीतर साठवलेलं पण जातं. तिथेच डोमेनच्या नावावर क्लिक केलं की चालू लॉग उतरतो, पण तो फक्त सर्व्हरने भेटींची आकडेवारी शेवटची काढली त्यानंतरचा, बहुतेक एखाद्या दिवसाचा, म्हणून नुसतं अधूनमधून डाऊनलोड करून भागत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साठलेल्या फाईली उतरवतो आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो, कारण होस्टिंगचं खातंच बंद झालं तर तिथला साठा पण त्याच्याबरोबर जाणार.

फाईल .जीझेड, म्हणजे जीझिपने दाबून छोटी केलेली असते, विंडोजवर सेव्हन-झिपने उघडते. जागेची चिंता नको. लॉगमध्ये तेच आयपी, तीच पानं, तीच ब्राउझरची नावं परत परत येतात, आणि १९९२ पासून असलेलं जीझिप नेमकं तेच हेरतं: परत आलेला तुकडा पूर्ण न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढंच लिहितं (ही युक्ती लेम्पेल आणि झिव्ह यांची, १९७७ ची), आणि मग जास्त वेळा येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड देतं, ती १९५२ ची हफमनची पद्धत. लॉगची फाईल अशी दाबली की बहुतेक वेळा मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरते.

या फाईली कोणाला सहज पाठवू मात्र नका, आयपी पत्ता शेवटी कोणाच्या तरी घरापर्यंत पोचू शकतो.

पुढच्या नवरात्रात साईट परत अडखळली तेव्हा माझ्याकडे लॉग होता. एकाच आयपीवरून मिनिटाला शेकडो वेळा वर्डप्रेसचं (वेबसाईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) लॉगिन पान मागितलं जात होतं, आणि आमच्या साईटवर वर्डप्रेस नाहीच, सगळीकडे ४०४. तो आयपी पॅनलमधून अडवला, त्या रात्री मखराच्या वेळा नीट उघडत होत्या.