कळकलेली वायर
२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमची जुनी गाडी बडोद्यात पार्किंगमध्ये बॉनेटपर्यंत पाण्यात होती. धुऊन, वाळवून ती सुरूही झाली. खरं दुखणं उपटलं नवरात्रात. गरब्याला निघालो तर एक हेडलाइट मिणमिणता! मेकॅनिकने कपलर, म्हणजे वायरी जोडणारा खटका, उपसून दाखवला, "काट लागी गयो छे." आत हिरवी भुकटी. आजीने चष्मा सावरत निदान केलं, "कळकलंय की हे!"

अगदी बरोबर. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ हिरवट होऊन बिघडतो, तेच कळकणं. कपलरच्या पिना बहुधा पितळेच्या असतात आणि त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, म्हणजे कल्हईच. गाडीच्या थरथरीने ती घासली जाते आणि पितळ उघडं पडतं. निव्वळ पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. पुराच्या पाण्यातले क्षार मात्र तिला वाट देतात. मग बॅटरीच्या धन बाजूकडचं तांबं आयन होऊन विरघळू लागतं. म्हणून सतत वीज असलेल्या वायरी आधी खाल्ल्या जातात, आणि म्हणूनच पाणी ओसरल्यावर पहिलं काम ऋण टर्मिनल सोडवण्याचं.

या हिरव्या थराने वाटेत ०.३ ओहम रोध वाढवला, तरी ५५ वॉटच्या हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

शिवाय पाणी समईच्या वातीत तेल चढावं तसं वायरीच्या तारांमधून आत चढतं. वरून कोरडी दिसणारी वायर आत काळी पडलेली असते. लखलखीत तांबं लागेपर्यंत ती कापावी लागते. नुसती टेप गुंडाळू नये, ती ओल आतच कोंडते. आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी नळी बरी.

साफ केलेल्या कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरतात. त्यातून वीज जात नाही, मग उपयोग काय? घट्ट बसणाऱ्या पिना ते बाजूला सारून एकमेकींना भिडतात, उरलेल्या फटीत ग्रीस राहतं आणि पाण्याला जागा उरत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला घट्ट आवळल्यावर व्हॅसलीन पुरतं.

"नवसागर लावून पुन्हा कल्हई करा की," आजीने सुचवलं. तापल्या भांड्यावर नवसागर मळ काढतो खरा, पण तो क्लोराइड. भांडं आपण धुतो; वायरीत तो तसाच राहिला तर ओल धरून तांबंच खाईल. म्हणून वायरिंगच्या सोल्डरिंगला राळ वापरतात.